भाऊ सैन्याच्या प्रशिक्षणात आहे आणि ऑनलाइन जुगारात अडकला आहे. कोणाला आणि कसे सांगावे?

प्रश्न : धायरीची ताई

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. अग्निवीर म्हणून त्याची निवड झाली आणि सध्या तो महाराष्ट्राबाहेरच्या एका प्रशिक्षण केंद्रात आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. भरतीसाठी दोन वर्षे तो पहाटे साडेचारला उठून कालव्याच्या रस्त्याने पळायचा आणि १.६ किलोमीटरच्या वेळेतून एकेक सेकंद कमी करत आणायचा, त्यामुळे हा मुलगा पैशाच्या बाबतीत असा घसरेल असे घरात कोणाच्या मनातही आले नव्हते.

गेल्या महिन्यात मला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. पलीकडच्या माणसाने हिंदीत माझे आणि भावाचे नाव घेतले आणि त्याचा कर्जाचा हप्ता थकला आहे, तो तुम्ही भरता की त्याच्या साहेबांना फोन लावू, असे विचारले. कर्ज कसले, हे भावाला विचारण्यासाठी मला रविवारपर्यंत थांबावे लागले, कारण त्यांच्याकडे रंगरुटांना मोबाइल फक्त रविवारी दुपारी दोन ते सहा मिळतो आणि उरलेला आठवडा तो कंपनीच्या कपाटात जमा असतो. आधी त्याने मित्राला मदत केल्याचे सांगितले, मग तो रडला, आणि मग त्याने यूपीआय व्यवहारांची तीन महिन्यांची यादी मला पाठवली.

ती यादी मी छापून आणली आणि रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभी राहून पेन्सिलीने खुणा करत वाचली. सोमवार ते शनिवार जवळजवळ काहीच नाही. रविवारी मात्र दोन वाजून सहा मिनिटे, सात मिनिटे, नऊ मिनिटे, अशा पाचशे-पाचशे रुपयांच्या ओळीच्या ओळी. एका रविवारी अशा ३८ नोंदी होत्या आणि शेवटची पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांची होती, म्हणजे मोबाइल परत देण्याच्या रांगेत उभा राहून त्याने तो डाव लावला होता.

खेळ असा आहे, की पडद्यावर एक विमान वर चढू लागते, त्याबरोबर आकडा दीडपट, दुप्पट, तिप्पट असा वाढत जातो आणि विमान नाहीसे होण्याआधी आपण पैसे काढायचे असतात. एक डाव काही सेकंदांत संपतो. बॅरकमधल्याच एका मुलाने व्हॉट्सॲपवरच्या एजंटकडून त्याला ‘आयडी’, म्हणजे डाव लावण्याचे खाते, मिळवून दिली. पहिल्याच रविवारी त्याला १,८०० रुपये मिळाले, त्यातून त्याने पळण्याचे बूट मागवले आणि आम्ही सर्वांनी त्याचे कौतुकही केले. आज हिशेब केला तर तीन महिन्यांत ७४,००० रुपये गेले आहेत. दोन कर्ज ॲपचे मिळून ३७,००० आणि बॅरकमधल्या दोन मुलांचे ९,००० देणे आहे.

पत्ते तो गणपतीच्या मांडवात रात्रीच्या राखणीला खेळायचा, पण ते पाच-दहा रुपयांचे असत आणि आम्ही हसून सोडून देत असू. वडील नऱ्ह्याला वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. त्यांना अजून काहीही माहीत नाही. हे पैसे आम्ही भरून टाकावेत का? केंद्रात सांगितले तर त्याला काढून टाकतील का? आणि हा आजार आहे की नुसता बेजबाबदारपणा, हे मला खरोखर कळेनासे झाले आहे. जाणकारांनी कृपया स्पष्ट लिहावे.

उत्तर : निवृत्त सुभेदार, खडकी

ताई, जय हिंद. मी २८ वर्षे नोकरी केली आणि त्यातली चार वर्षे रंगरुटांबरोबर उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, म्हणून काढली, म्हणून लिहितो.

आमच्या वेळी पगार रोख मिळायचा. पे परेडला नाव पुकारले जाई, सलाम करून सही करायची आणि पैसे घ्यायचे. बॅरकमध्ये पत्ते तेव्हाही चालत आणि पैसेही लागत, खोटे कशाला बोलू. पण दहा तारखेलाच ज्याच्याकडे साबणाला पैसे उरत नसत, तो मुलगा नाईक-हवालदाराच्या नजरेला पडत असे आणि त्याच संध्याकाळी त्याची झडती होत असे. आता पगार थेट खात्यात जातो. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले आहेत, त्यातले ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत, वळते होऊन २१,००० हातात येतात. जेवण, राहणे, कपडे सरकारचे. मुलगा आयुष्यात पहिल्यांदा एवढे पैसे पाहतो, ते खर्च करायला त्याच्याकडे जागा नसते, आणि ते संपले तरी शेजारच्या खाटेवरच्या मुलालाही कळत नाही. उस्तादाला दिसते ते एवढेच, की सोमवारच्या पीटीला हा मुलगा मागे पडतो.

आपल्या प्रश्नाबद्दल. त्याला काढणार नाहीत अशी हमी मी देणार नाही, ती कोणीच देऊ शकणार नाही. मात्र एक फरक नीट लक्षात घ्यावा. जो मुलगा स्वतःहून येऊन ‘साहेब, माझ्याकडून असे झाले आहे, एवढे देणे आहे’ असे सांगतो, त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी वेगळी असते. आणि ज्याचे बिंग कर्जवाल्याच्या फोनने किंवा दुसऱ्याच्या तक्रारीने फुटते, त्याच्याकडे पाहण्याची वेगळी. सहकाऱ्याच्या पेटीतून पैसे उचलणे किंवा पैसे मागणाऱ्यांच्या भीतीने सुट्टीवरून परत न येणे हे सेना अधिनियम, १९५० खाली सरळ गुन्हे आहेत, आणि एकदा ती पायरी ओलांडली की जुगाराचे कारण कोणी ऐकत बसत नाही. आपला भाऊ अजून त्या पायरीच्या अलीकडे आहे. बॅरकमधल्या मुलांचे ९,००० सर्वांत आधी फेडावेत, कारण तिथूनच गोष्टी बिघडतात.

सांगण्याची वाट उस्तादापासून सुरू होते, पुढे प्लाटून आणि कंपनी कमांडर. उस्ताद तापट असेल तर सुभेदार मेजर साहेब, धर्मगुरू किंवा एम.आय. रूममधले, म्हणजे केंद्राच्या दवाखान्यातले, डॉक्टर, यांपैकी ज्याच्याशी त्याचे बोलणे होत असेल त्याच्याकडे जावे. आपण परस्पर केंद्रात फोन करू नये, ताई. बहिणीचा फोन आला ही गोष्ट बॅरकमध्ये पोचायला एक रात्रही लागत नाही, आणि त्या वयात ती त्याला कर्जापेक्षा जड जाईल.

उत्तर : समुपदेशक, कोथरूड

व्यसन आणि तरुण मुले या क्षेत्रात मी काम करते. सुभेदार काकांच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे. क्रमाबद्दल माझे मत थोडे निराळे आहे.

आधी आजाराविषयी. जुगाराचे व्यसन हा मान्यताप्राप्त मानसिक विकार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात ठेवले. त्यातल्या नऊ लक्षणांपैकी वर्षभरात चार किंवा अधिक दिसली तर निदान होते: उत्तेजना टिकवण्यासाठी रक्कम वाढवत नेणे, हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, लपवणे, दुसऱ्यांकडून पैसे घेऊन वेळ निभावणे, ही त्यांतली काही. निदान डॉक्टरच करतील, पण प्राथमिक चाचणीसाठी जगभर दोन प्रश्न वापरले जातात आणि ते आपणही त्याला विचारू शकता. अधिकाधिक पैसे लावण्याची गरज तुला कधी वाटली का? किती खेळतोस याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढची तपासणी आवश्यक समजावी.

आपण वर्णन केलेला विमानाचा खेळ मुद्दाम तसाच घडवलेला असतो. बक्षीस कधी मिळेल ते ठाऊक नसणे, ‘अर्धा सेकंद आधी काढले असते तर’ ही हुरहूर, आणि लगेच पुढचा डाव, या तिन्हींची गाठ पडली की तिशीतल्या माणसालाही थांबणे कठीण जाते. १९ व्या वर्षी तर आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता वाढलेलाही नसतो. त्यात प्रशिक्षणाचे म्हणून एक वेगळे संकट आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आठवडाभर या मुलाला शिकवले जाते, की मागे हटायचे नाही, पाय सुजला तरी शेवटची फेरी पूर्ण करायची, हार मानणारा आपल्यातला नव्हे. रविवारी दोन वाजता तोच मुलगा पडद्यासमोर बसतो आणि तीच शिकवण हरलेल्या पैशांना लावतो. खेळणाऱ्यांच्या भाषेत याला ‘रिकव्हर करणे’ म्हणतात. मैदानावर ज्या गुणाची शाबासकी मिळते, तोच गुण इथे त्याला बुडवतो, म्हणून ‘तुझ्यात जिद्दच नाही’ असे त्याला चुकूनही सुनावू नका. जिद्द नको तितकी आहे.

सैन्यदलांत हा प्रश्न लपून राहतो, हा अनुभव बाहेरच्या देशांतही आहे. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दाखवून दिले, की परदेशांतल्या अमेरिकी लष्करी तळांवर ३,००० हून अधिक जुगारयंत्रे चालू होती आणि निदान झालेल्या सैनिकांचे प्रमाण मात्र ०.०३ टक्क्यांपेक्षाही कमी होते, कारण नियमित तपासणीत जुगाराबद्दल कोणी पद्धतशीर विचारतच नव्हते. पुढे तिथे कायद्याने आरोग्य तपासणीत हे प्रश्न घालण्यात आले. ब्रिटनमध्ये स्वान्सी विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात निवृत्त सैनिकांना जुगाराचा त्रास होण्याची शक्यता इतरांच्या दहापटीहून अधिक आढळली. आपल्याकडचे मुलगे वेगळ्या मातीचे नाहीत.

आता क्रम. उस्तादासमोर उभे राहण्याआधी त्याने एकदा तरी अशा व्यक्तीशी बोलावे, जिच्या हातात त्याची नोकरी नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. पुणेकर म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते: सैन्यदलांसाठीचा टेली-मानसचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी आपल्याच शहरात, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. म्हणजे वैद्यकीय कॅटेगरी, परेड आणि बॅरक या शब्दांचा अर्थ ज्यांना समजावून सांगावा लागत नाही, अशा लोकांचा विचार तिथे झालेला आहे.

आणखी एक. कर्ज, लाज आणि एकटेपणा एकत्र आले, की जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येण्याचा धोका या विकारात खरोखरच मोठा असतो. हे त्याला सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आले तर मात्र कोणाला कळेल आणि कोणाला नाही हा हिशेब बाजूला ठेवून त्याच क्षणी केंद्रात कळवा, आणि याबाबतीत सुभेदार काकाही माझ्याशी भांडणार नाहीत.

उत्तर : त्यातून गेलेला, पिंपरी

मी वर्दीत होतो, आता नाही. जास्त सांगत नाही.

माझ्या आईने माझे देणे तीन वेळा फेडले. पहिल्यांदा तिने बांगडी मोडली, दुसऱ्यांदा मामाकडून आणले. तिसऱ्यांदा पैसे माझ्या खात्यात आले तेव्हा मी तासाभरात त्यातले निम्मे लावले, कारण पूर्ण फेडण्याइतके होत नव्हते आणि दुप्पट झाले तर आईचेही परत देता येतील असे मला मनापासून वाटले होते. ताई, पैसे द्यायचे तर ज्याचे देणे आहे त्याला तुमच्या हाताने द्या. भावाच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका.

ॲप काढून टाकून काही होत नाही. जुगार ॲपमध्ये नसतो, एजंटकडे असतो. तुम्ही दोन रविवार गप्प राहिलात की तो ‘भावा, कुठे आहेस’ म्हणून आयडीत पाचशेचा बोनस टाकतो. एजंटचा क्रमांक, टेलिग्रामचे ग्रुप आणि ज्या मुलाने ओळख करून दिली त्याच्याबरोबरचे चॅट, सगळे जायला हवे. पगाराच्या खात्यावरचे यूपीआय बंद करून टाका, बंद करता येते. आणि त्याला हे नक्की विचारा, की एजंटने खाते वापरायला मागितले आहे का. ‘कमिशन देतो, फक्त खाते दे’ असे म्हणतात, आणि हरलेला मुलगा ‘हो’ म्हणतो. मग त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस मुलाच्या दारात येतात, एजंटच्या नाही.

दोन वाजता मोबाइल हातात आला की पहिली दहा मिनिटे सर्वांत वाईट. त्या वेळी तुम्हीच फोन करत जा. काही विषय नसला तरी चालेल.

उत्तर : बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

फक्त पैशांपुरते लिहितो.

कर्ज ॲपने भावाच्या मोबाइलमधली नावे उचलून आपल्याला फोन केला, हेच मुळात नियमाबाहेर आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार अशा ॲपला ग्राहकाची संपर्क यादी वाचता येत नाही, आणि तिच्याच वसुलीविषयक वेगळ्या नियमांनुसार वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. कर्जामागे नोंदणीकृत बँक किंवा वित्तसंस्था कोणती, हे आधी पाहावे. असेल तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवून मुद्दल, व्याज आणि शुल्क यांचा हिशेब मागावा, कारण कर्ज देताना दिलेल्या मुख्य तथ्यपत्रकात नसलेले शुल्क लावता येत नाही. नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार करावी आणि धमक्यांसाठी १९३० या सायबर क्रमांकावर कळवावे. फोनवरच्या धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि वेळ जपून ठेवावी.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्या कायद्यात नुसत्या खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. त्यामुळे ‘तक्रार केलीस तर तूच आत जाशील’ असे एजंट सांगत असेल तर ती धमकी पोकळ आहे. सैन्याची शिस्त हा वेगळा विषय, तो काकांनी मांडलाच आहे.

एक दूरची गोष्ट. सेवा निधीला त्याला आता हात लावता येत नाही, हे सध्या चांगलेच आहे. पण चार वर्षांनी योजनेनुसार सुमारे ११.७१ लाख रुपये एकरकमी हातात येतील, तेव्हा तो २२-२३ वर्षांचा असेल आणि कदाचित नोकरीच्या शोधात असेल. आज रविवारी चार तासांत जे झाले ते आठवून त्या दिवसाची व्यवस्था आधीच करून ठेवावी. मुदत ठेव कोणाच्या सल्ल्याने आणि कशी करायची, हे घरात आताच ठरलेले बरे.

प्रश्नकर्ती : धायरीची ताई

सर्वांचे आभार. दोन रविवार गेले, म्हणून झाले ते लिहिते.

पहिल्या रविवारी मी दोन वाजून तीन मिनिटांनी फोन केला. दोन्ही प्रश्न वाचून दाखवले. पहिल्यावर तो बराच वेळ गप्प होता, दुसऱ्यावर ‘आत्ताच नाही का बोललो खोटे’ म्हणाला. जिवाबद्दलही विचारले, माझाच आवाज कापत होता. ‘नाही, पण पळून जावेसे वाटते’ असे उत्तर आले. तासाभराने पुन्हा बोलणे झाले तेव्हा त्याने १४४१६ वर २५ मिनिटे बोलून घेतले होते. मंगळवारी तो धर्मगुरूंकडे गेला आणि ते त्याला घेऊन कंपनी कमांडर साहेबांकडे गेले. काय ठरते ते अजून कळलेले नाही. एम.आय. रूममधून त्याला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवणार आहेत आणि पुढच्या सुट्टीचे अनिश्चित आहे. एजंटने खाते मागितले होते. त्याने दिले नव्हते, पण ‘बघतो’ म्हणाला होता.

वडिलांना मी वर्कशॉपच्या दारातच सांगितले, कारण घरात आईसमोर मला जमले नसते. त्यांनी लेथ बंद केली, हात पुसले आणि फक्त ‘किती’ एवढेच विचारले. आकडा ऐकल्यावर ते पुन्हा कामाला लागले. रात्री जेवताना म्हणाले, की मुलांचे ९,००० उद्या पाठव, त्यांच्या आई-वडिलांनाही असेच वाटत असेल. ते पैसे मी थेट त्या दोघांच्या खात्यात पाठवले आहेत.

बँकवाल्या काकांना एक विचारायचे आहे. एका ॲपमागे नोंदणीकृत वित्तसंस्था निघाली आणि ती १४,००० वर तडजोड करायला तयार आहे. ते पैसे भरण्याआधी मी काय लेखी घ्यावे?

उत्तर : बँक कर्मचारी, सदाशिव पेठ

तडजोडीचे पत्र संस्थेच्या अधिकृत ई-मेलवरून आधी मागवा. त्यात कर्ज खात्याचा क्रमांक, ठरलेली रक्कम आणि भरण्याची तारीख असली पाहिजे. वसुलीच्या माणसाने दिलेल्या क्रमांकावर पैसे पाठवू नका, संस्थेच्याच खात्यात भरा. नंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. तडजोडीने मिटलेल्या कर्जाची नोंद सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ अशी येते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी ती नडते, म्हणून उरलेली रक्कम थोडीच असेल तर पूर्ण फेड करून ‘क्लोज्ड’ अशी नोंद मिळते का तेही विचारून पाहा. मुद्दल नक्की किती उरले आहे, ते इथे लिहिलेत तर हिशेब करून सांगतो.